गेल्या जन्मीचे पाप, या जन्मीचे हात

तरुण मुलगा अपघातात गेला, मूल जन्मतः अधू निघाले, ऐन उमेदीत कुणाला कर्करोग झाला, की समाचाराला आलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणते, ‘ज्याचे त्याचे भोग.’ ऐकणारे मान डोलावतात. या वाक्यामागे दुष्टावा नसतो. त्यामागे दोन हजार वर्षांचे, मोठ्या बुद्धिमंतांनी घडवलेले तत्त्वज्ञान असते. मी देव मानणारा माणूस आहे, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, हे तत्त्वज्ञान दुःखाचे उत्तर म्हणून चुकीचे आहे असे मला ठामपणे वाटते. पण पूर्वपक्ष दुबळा मांडून त्याचे खंडन करण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

प्रश्न जुना आहे. ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर जगात एवढे दुःख का, आणि ते इतके असमान का? ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांनी हा आक्षेप स्वतःच उपस्थित केला आहे. ईश्वराने जग केले म्हणावे तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असे दोन दोष येतात. शंकराचार्यांचे उत्तर असे की ईश्वर प्रत्येक जीवाच्या कर्मानुसार सृष्टी करतो. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. साळीतून साळ आणि जवातून जव उगवतो तो बियांमधल्या भेदामुळे. त्या भेदाचा ठपका पावसावर ठेवता येत नाही. मग पहिले कर्म कुठून आले? तर संसार अनादि आहे, म्हणून पहिले असे काही नाहीच. त्याला इच्छास्वातंत्र्याची जोड मिळते: माणूस कर्म करायला मोकळा आहे आणि फळ भोगायला बांधलेला आहे. देव निर्दोष राहिला, न्याय अबाधित राहिला आणि माणसाचे स्वातंत्र्यही शाबूत राहिले. युरोपात लाइब्निझने 1710 मध्ये या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, आणि 1755 च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्होल्तेरने त्यातल्या आशावादावर झोड उठवली. आपली मांडणी असल्या धक्क्याने हलत नाही. माक्स वेबरसारख्या परक्या समाजशास्त्रज्ञानेही कर्मसिद्धान्ताला या प्रश्नावरची सर्वांत सुसंगत उपपत्ती मानले.

ती सुसंगत आहे हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे असे की दुःख देणारा आणि दुःख थांबवू शकणारा, अशा दोन्ही जिवंत माणसांना हिशेबातून वगळून तिने ही सुसंगती मिळवली आहे. हे तपासायला मी कोलकात्याकडे वळतो. या प्रश्नावर तिथे फार मोठी माणसे झुंजली, आणि त्या झुंजीची काही पाने आपल्या मराठी माणसांच्या नावावर आहेत.

पहिले पान पंडिता रमाबाईंचे. 1878 मध्ये वीस वर्षांची रमाबाई डोंगरे भाऊ श्रीनिवास याच्यासह कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. हा गौरव आपण अभिमानाने सांगतो. तिथे पोहोचण्याआधी तिच्यावर काय गुदरले होते, ते मात्र कमी सांगतो. वडील अनंतशास्त्री तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणारे कर्मठ वैदिक ब्राह्मण. दक्षिणेतल्या दुष्काळात कुटुंबाने जवळचे होते नव्हते ते दानधर्मात, अनुष्ठानांत आणि देवदर्शनात घातले, कारण पुण्याचे फळ मिळते यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. शेवटी रानात अकरा दिवस-रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर निघाल्या, असे रमाबाईंनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. 1874 मध्ये वडील गेले, मागोमाग आई आणि मग थोरली बहीण.

पूर्वपक्षी म्हणेल, या जन्मीचे पुण्य पुढच्या जन्मी फळेल; भोगले ते मागचे. इथे या सिद्धान्ताची पहिली फट दिसते. सज्जनाला दुःख झाले तर मागचे पाप, दुर्जनाला सुख मिळाले तर मागचे पुण्य. जे काही घडेल ते सिद्धान्तात बसतेच. मग तो सिद्धान्त घडलेल्या गोष्टीविषयी नवे काय सांगतो? कोलकात्यात हावडा पुलाजवळ छोटेलाल घाटावर संगमरवराची एक पाटी आहे. 25 मे 1887 च्या चक्रीवादळात ‘सर जॉन लॉरेन्स’ ही आगबोट बुडाली, तिच्यातून पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंच्या स्मरणार्थ काही इंग्रज बायकांनी ती लावली. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, असे पाटीच सांगते. त्या पापी होत्या म्हणून बुडाल्या, असे म्हणता येते. त्या पुण्यवान होत्या म्हणून देवाच्या वाटेवर मरण आले, असेही म्हणता येते. कर्मसिद्धान्त दोन्ही वाक्यांना सारखाच आधार देतो. एकाच घटनेची परस्परविरुद्ध कारणे तितक्याच सहजपणे देणारे स्पष्टीकरण म्हणजे घडून गेल्यावर मारलेला शिक्का.

शिक्का निरुपद्रवी असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. तो निरुपद्रवी नाही, हे रमाबाईंना कोलकात्यातच कळले. पडद्यातल्या स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्म सांगायला पंडितांनी त्यांना बोलावले. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. इतर सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनतेवर मात्र एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी केलेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. 1882 मध्ये पटकीने पती गेले आणि तान्ह्या मनोरमेसह त्या विधवा झाल्या. 1887 मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात त्यांनी वैधव्याचे प्रकरण लिहिले. वैधव्य म्हणजे त्या बाईने पूर्वजन्मी केलेल्या घोर अपराधाची शिक्षा, असा समज देशभर आहे, असे त्या नोंदवतात. मुलगे असलेल्या विधवेला थोडी तरी दया मिळते. समाजाचा सगळा तिरस्कार झेलावा लागतो तो बालविधवेला. आठ-दहा वर्षांची पोर सर्वांत मोठी गुन्हेगार ठरते, कारण तिला शिक्षा सर्वांत मोठी झालेली असते.

हा तर्क नीट पाहावा. शिक्षेवरून गुन्हा ठरवला आहे. गुन्हा कुणी पाहिला नाही, साक्षीदार नाही, आरोपीला तो आठवत नाही. पण शिक्षा झाली, म्हणजे गुन्हा असणारच. कोणत्याही न्यायालयात हसण्यावारी नेला जाईल असा हा युक्तिवाद आपण ईश्वराच्या नावावर खपवतो आणि त्याला त्याचा न्याय म्हणतो. शिवाय त्या पोरीचे केस कापणारा न्हावी, तिला एकवेळ जेवायला घालणारी सासू आणि पुनर्विवाहाला बंदी करणारे पंचायतदार हे सगळे या हिशेबात निमित्तमात्र ठरतात. कर्माचा कायदा ते नुसता बजावतात! वैधव्य मृत्यूमुळे आले हे खरे. विधवेचे हाल मात्र माणसांनी केले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हेच ओळखले. 1856 च्या जुलैमध्ये त्यांनी विधवाविवाहाचा कायदा पदरात पाडून घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोलकात्यात पहिला विवाह लावून दाखवला. ‘भोग’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले एक दुःख हलवता येते, हे त्या मांडवात सिद्ध झाले.

दुसरे पान वाचताना मराठी वाचकाला अवघड वाटेल, पण वाचले पाहिजे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरल्या. धास्तावलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून त्याच्या मार्गावर रस्ता झाला. पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे नाव अजून आहे. बंगाली आया आजही अंगाईत बर्गींचे, म्हणजे या मराठा स्वारांचे, नाव घेतात. या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या समकालीन कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ रचले. त्याची 1751 ची पोथी मिळाली आहे. पळणाऱ्या लोकांचे त्याने केलेले वर्णन जवळून पाहिलेल्याचे आहे: ब्राह्मण पोथ्या घेऊन निघाले, सोनार वजने-काटे घेऊन, कोळी जाळी घेऊन. रुपये कुठे पुरलेत ते सांग म्हणून लोकांचे हात आणि नाक-कान कापल्याचे, नाकात पाणी ओतल्याचे, स्त्रियांवरच्या अत्याचारांचे तपशीलही त्यात आहेत.

आणि याचे कारण हा कवी काय देतो? बंगालचे लोक पापात बुडाले, पृथ्वीला भार सोसेना, म्हणून शिवाने नंदीला पाठवून शाहू राजाच्या मनात स्वारीची प्रेरणा घातली! म्हणजे सताऱ्याचा निर्णय, नागपूरची चौथाईची हाव आणि घोडेस्वाराच्या हातातली तलवार ही सगळी देवाची योजना. आपल्या लोकांनी जे केले त्याची जबाबदारी अत्याचार सोसलेल्या बंगाल्यानेच आपल्यावरून उतरवली आणि स्वतःच्या शेजाऱ्यांच्या पापांवर टाकली. पण गंगाराम प्रामाणिक होता. स्त्रिया, ब्राह्मण आणि वैष्णव यांची हत्या पाहून पुढे त्याची देवी मराठ्यांवर उलटते आणि भास्करपंताचा घात होतो. मारेकरी ईश्वरी आज्ञेचे निव्वळ साधन असता, तर देवीने कोपायचे कारणच काय? शिक्षेचा सिद्धान्त कवीच्याच हातून फुटतो, कारण डोळ्यांनी पाहिलेली क्रूरता त्याला न्याय म्हणवेना. क्रूरता करणारा स्वतंत्र होता, थांबू शकत होता आणि थांबला नाही, हे मान्य केल्याशिवाय त्याला राग व्यक्त करता येत नव्हता. आपल्यालाही येत नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत नाजूक आहे, कारण तिथे पूर्वपक्ष खुद्द गांधीजींनी मांडला आणि तो चांगल्या हेतूने मांडला. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला. त्या वेळी गांधीजी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन आहे, असे ते म्हणाले. कोलकात्याच्या रवींद्रनाथांना हे सहन झाले नाही. त्यांनी विरोध लिहून पाठवला आणि गांधीजींनी तो 16 फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापला. रवींद्रनाथांचा मुद्दा असा की भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात. नीतीची तत्त्वे निसर्गाच्या उलथापालथीशी बांधली, तर माणसाची नीती विधात्याच्या वागण्यापेक्षा वरचढ आहे असे म्हणायची पाळी येईल. आणि हाच युक्तिवाद सनातन्यांना अधिक शोभतो. उद्या ते भूकंपाचे खापर गांधीजींच्या चळवळीवर फोडतील.

गांधीजींचे उत्तर विनम्र होते. आपली श्रद्धा सिद्ध करता येणार नाही हे त्यांनी कबूल केले, पण ती सोडली नाही. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते की इथे रवींद्रनाथच बरोबर होते, आणि त्यांच्या मुद्द्यात आणखी एक भर घालता येते. मुंगेरच्या आणि मुझफ्फरपूरच्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यता पाळणारे मेले, तसे ती सोसणारेही मेले. अन्याय करणाऱ्यासह अन्याय सोसणाऱ्यालाही चिरडणाऱ्या गोष्टीला शिक्षा म्हणायचे असेल, तर शिक्षा या शब्दाचा अर्थच उरत नाही.

आता कुणी म्हणेल, निसर्गाचे सोडा. माणसाने केलेल्या दुःखाचे उत्तर तर सरळ आहे. देवाने इच्छास्वातंत्र्य दिले, माणसाने त्याचा गैरवापर केला. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते कोणते हे 1943 च्या बंगालने दाखवले. जपानी आक्रमणाच्या भीतीने सरकारने 1942 मध्ये किनारपट्टीतला तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसे वाहणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. डिसेंबर 1942 मध्ये कोलकात्यात 13-14 रुपये मण असलेला तांदूळ ऑगस्ट 1943 मध्ये 37 रुपयांवर गेला. शहरातल्या युद्धोपयोगी कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहिले. खेड्यातले शेतमजूर आणि कोळी चालत शहरात आले आणि दारोदार भात नव्हे, तर भात वेळून उरलेली पेज मागू लागले. बंगालीत तिला फॅन म्हणतात. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे 15 लाख धरली; नंतरचे काही अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. 1943 मधला एकूण धान्यसाठा 1941 पेक्षा कमी नव्हता, लोकांची धान्य मिळवण्याची ऐपत कोसळली, असे अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात मांडले.

या सगळ्यात इच्छास्वातंत्र्य कुणाला होते? होडी गेलेल्या कोळ्याला नव्हते. आईच्या कडेवरच्या पोराला तर नव्हतेच. स्वातंत्र्य होते ते दिल्ली-लंडनच्या अधिकाऱ्यांना, साठेबाजाला आणि दुष्काळसंहिता लागू न करणाऱ्या प्रांतिक सरकारला. म्हणजे स्वातंत्र्य एकाचे आणि मरण दुसऱ्याचे. देवाचा बचाव म्हणून हा युक्तिवाद तोकडा पडतो, कारण बलवानाच्या मोकळीकीची किंमत दुबळ्याने का भरावी, याचे उत्तर तो देत नाही. आरोपपत्र म्हणून मात्र तो अचूक आहे. हे माणसांनी केले, आणि ती वेगळे वागू शकली असती. काही वागलीही. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी ऑगस्ट 1943 मध्ये रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रे छापली आणि ज्या उपासमारीला सरकार दुष्काळ म्हणत नव्हते ती जगापुढे आली. शांतिनिकेतनात नऊ वर्षांचा अमर्त्य आजोबांच्या परवानगीने सिगारेटच्या डब्याने मोजून दारी आलेल्यांना तांदूळ देत होता. इच्छास्वातंत्र्याचा खरा पत्ता हा आहे. भोगणाऱ्याच्या गेल्या जन्मात त्याचा शोध घेणे व्यर्थ आहे. ज्याच्या हातात आज काही आहे, त्याच्यापाशी ते असते.

दोन आक्षेप उरतात. पहिला: कर्मसिद्धान्त काढून घेतलात तर दुःखिताचे सांत्वन कसे होणार? एखादी आई स्वतः म्हणाली, ‘माझे नशीब’, तर मी तिच्याशी वाद घालणार नाही. तिचे दुःख कसे पेलायचे हा तिचा अधिकार आहे. पण तेच वाक्य दुसऱ्याने तिला ऐकवायचा अधिकार कुणालाही नाही. स्वतःसाठी स्वीकारलेला आधार आणि दुसऱ्यावर लादलेला ठपका यांत फार मोठे अंतर आहे.

दुसरा: हे बोलणे परंपरेला सोडून आहे. तसेही नाही. राजगृहात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले होते, सगळी सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच होतात असे म्हणणे योग्य आहे काय? बुद्धाने नाही म्हटले आणि पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, हलगर्जी, हल्ला अशी कारणे मोजून कर्माला आठवे स्थान दिले. चरकसंहितेत विमानस्थानात आयुष्य नियत की अनियत हा प्रश्न येतो, तेव्हा सगळेच नियत असेल तर औषधोपचारांना काय अर्थ, असे प्रतिपादन आहे. वैद्याला दैववाद परवडत नाही, कारण समोर रोगी असतो.

आता मंडन. दुःख का आहे या प्रश्नाचे अंतिम उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते नसल्याने माझी श्रद्धा डळमळत नाही. डळमळते ती खोट्या उत्तरांनी. चंगीझखानाने कैद्यांची कत्तल केली तेव्हा ईश्वराने ती पाहिली आणि थांबवली नाही, मग त्याचा मला काय उपयोग, असे विद्यासागर म्हणाल्याचे रामकृष्णांच्या ‘कथामृता’त नोंदलेले आहे. 1882 मध्ये त्याच विद्यासागरांच्या घरी रामकृष्ण आपणहून गेले, कारण त्यांच्या दयेची कीर्ती त्यांनी ऐकली होती. देवाविषयी मौन बाळगणारा आणि देवाने झपाटलेला, असे दोघे त्या दिवशी प्रेमाने बोलले. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नान्न करत गेली. ती कुणाच्या पापाने गेली याचा हिशेब मांडत ते बसले नाहीत. वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन केडगावला आल्या. त्यांच्या धर्मांतराबद्दल कुणाचे काहीही मत असो, त्या मुलींना त्यांनी पूर्वजन्म विचारला नाही. या चौघांचा देव एक नव्हता, पण भोगणाऱ्याला आरोपी ठरवायला चौघांनीही नकार दिला. श्रद्धेची कसोटी मी इथे लावतो.

ही कसोटी भावनेवर सोडायची गरज नाही, ती आकड्यांतही उतरते. 1887 मध्ये पुरीची आगबोट जिथे बुडाली, त्याच बंगालच्या उपसागरातून ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘फायलिन’ हे तितकेच भीषण ठरू शकणारे वादळ त्याच किनाऱ्यावर आले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. चौदा वर्षांत ओडिशाच्या लोकांची पूर्वजन्मीची पापे फिटली नव्हती. मधल्या काळात हवामानखात्याचा अंदाज सुधारला, किनाऱ्यावर निवारे उभे राहिले आणि जवळपास दहा लाख माणसे वेळेआधी हलवली गेली. ज्यांनी ती हलवली त्यांच्यात देव मानणारेही असतील, न मानणारेही असतील. बुडणाऱ्यांचे भोग म्हणून ते गप्प बसले नाहीत, एवढे निश्चित. ईश्वराने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले असेल, तर ते याच कामासाठी दिले असले पाहिजे, असे मी मानतो.